कासवाची पिशवी

९ नोव्हेंबर

ठके,

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकलेलं मागचं पत्र तू न उघडता परत पाठवलंस, म्हणून हे पोस्टात टाकणार नाही. लिहीन आणि कपाटात ठेवीन. पाकिटावर "परत पाठवावे" असं लिहिलं होतंस, ते अक्षर मात्र सुरेख होतं. रागातही तुझं अक्षर बिघडत नाही, हे बाबांकडून आलंय. माझं म्हणजे कोंबडीचे पाय. पुड्यांचे कागद आणि औषधाच्या बाटल्या वाचत वाचत शिकलेल्या बाईचं अक्षर याहून बरं कुठून असणार.

भांडण उकरून काढायचं नाहीये. तुझं म्हणणं मला पाठ आहे. बाबांचं दुखणं तुझ्यापासून शेवटपर्यंत लपवलं. लपवलंच. त्यांनी मला शपथ घातली होती. तुझी नोकरी नवी, पिल्लू लहान, संसार मोडलेला, त्यात आणखी हे कशाला, म्हणाले. मी शब्द दिला आणि पाळला. एरवी शब्द पाळणाऱ्याला लोक चांगलं म्हणतात.

असो. सांगायचं ते दुसरंच. मी हल्ली कोठारात जाते.

कोठार म्हणजे बाजाराच्या मागचं बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. काचांना आतून खाकी कागद लावलाय. दुकानदार आणि घाऊकवाले न खपलेला पण चांगला माल तिथे पाठवतात, बेकरीवाला आदल्या दिवशीचा पाव देतो, लोक घरून डाळ-तांदूळ आणून देतात. आम्ही ते निवडतो, तारखा बघतो, पिशव्या भरतो, आणि ज्यांच्या घरात महिनाअखेरपर्यंत पुरत नाही त्यांना देतो. कारखाना बंद पडल्यापासून अशी घरं आपल्या गल्लीतच किती निघाली म्हणून सांगू. कपडे तेच, चपला त्याच, हसणं तेच. पोटाचं बाहेरून दिसत नाही.

मी तिथे पोचले ती भातामुळे. एकटीपुरता भात मला अजून जमत नाही. हात आपोआप दोघांचा टाकतो. एकदा उरलेला डबा घेऊन कोठारात गेले. तिथले मुख्य म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात. म्हणाले, "ताई, शिजलेलं आम्ही घेत नाही. हात रिकामे असतील तर ते घेतो."

रिकामे होते.

२३ नोव्हेंबर

ठके,

मला टेबल मिळालंय. तांदळाचं पोतं उसवून लहान पिशव्या करायच्या आणि हवाबंद डबे तपासायचे. डब्याला पोटावर पोचा असला तर चालतो, जोडाच्या शिवणीवर असला तर टाकून द्यायचा. फुगलेला डबा तर हातातही धरायचा नाही. माझ्या शेजारी एक शिंपीण बसते. दिवसभर कपडे शिवते आणि दुपारी इथे येते. तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, डब्याला कान लावून काय ऐकताय? आतला वाटाणा बोलत नाही."

कंडक्टरांचं सगळं बसच्या भाषेत चालतं. रांग अडली की ओरडतात, "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे." जागा अजिबात नसते. पण लोक हसतात, आणि हसलेला माणूस रांगेत ताठ उभा राहतो, हे मी पाहिलंय.

जे रांगेत येऊ शकत नाहीत, म्हणजे लाजेमुळे, त्यांची वेगळी सोय आहे. ज्याने त्याने एक चित्र निवडायचं. किल्ली, छत्री, घुबड, काहीही. ते चित्र कापडी पिशवीवर छापतात. गुरुवारी भरलेल्या पिशव्या गावातल्या तीन लाँड्र्यांत ठेवतात. माणूस कपडे आणायला गेल्यासारखा जातो आणि आपली पिशवी उचलतो. सोमवारी रिकामी पिशवी तिथेच आणून ठेवतो. आधी नंबर होते म्हणे, पण एक आजी म्हणाली, नंबर तुरुंगात असतात. कुठलं चित्र कुणाचं, हे फक्त कंडक्टरांना ठाऊक. आम्ही विचारायचं नाही, ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही. आणि जे नको असेल ते पिशवीत परत पाठवायचं. "पोटाला चालत नाही ते घरात ठेवून काय पुजायचंय?" असं कंडक्टर म्हणतात.

पुलापलीकडच्या लाँड्रीत सहा पिशव्या जातात. त्यातली एक कासवाची.

पुलापलीकडे कुठेतरी तू राहतेस, घराचा पत्ता मला ठाऊक नाही, म्हणून तेवढं लक्षात राहिलं. बाकी काही नाही.

७ डिसेंबर

ठके,

तुझी मैत्रीण, ती नर्स, बाजारात भेटली. तुझं ऑफिस बंद झालं म्हणाली. पुढे काय ते विचारलं, तर "मावशी, मला मधे घालू नका" म्हणाली. बरोबर आहे तिचं. तूच शिकवलेली दिसते.

आता हे वाच. म्हणजे तू वाचणार नाहीस, पण मी लिहिते.

कासवाची पिशवी दर सोमवारी परत येते तेव्हा तिच्यात शेंगदाण्याची पुडी असते. दर वेळी. तांदूळ राहतो, डाळ राहते, शेंगदाणे परत. पिल्लूने ते शेंगदाण्याचं बिस्किट चाखलं होतं आणि तिचे ओठ वांग्यासारखे सुजले होते, आठवतं? बाबा एका पायात माझी चप्पल आणि एका पायात स्वतःची घालून डॉक्टरकडे पळाले होते.

चहाची पुडीही परत येते. चहा न पिणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. लहानपणी तुझ्या बशीत ओतलेला चहा तू कुंडीत टाकायचीस आणि झाड का वाळलं म्हणून मी रोपं विकणाऱ्या माळ्याशी भांडायचे.

तरी मी मनाला म्हणत होते, शेंगदाणे आणि चहा पुष्कळांना चालत नसतील. पण काल पिशवी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा तिच्या घडीकडे नीट पाहिलं. आधी उभी तिहेरी, मग कोपरा दुमडून तिकोनी, आणि शेपूट आत खोचलेलं. बाबा कापड कारखान्यात घडी खात्यात होते. रुमाल, वर्तमानपत्र, विजेचं बिल, सगळ्याची हीच घडी. तुलाही तीच सवय लावली होती त्यांनी. शाळेत तुझ्या ओढणीची घडी बघून बाई हसायच्या.

मी टेबलाखाली वाकले, काहीतरी पडलंय असं दाखवून. डोळे पुसून वर आले.

तू उपाशी आहेस हे कळून बरं वाटणारी आई जगात मी एकटीच असेन. पण खरं ते सांगते. बरं वाटलं. तुझ्या घरात माझ्या हातचं काहीतरी जातंय.

२१ डिसेंबर

ठके,

तुला कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलंय. कळलं तर तू पिशवी बंद करशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि पिल्लूने त्यापायी उपाशी का राहावं? म्हणून चिठ्ठी नाही, निरोप नाही. फक्त वस्तू. गेल्या गुरुवारी बिस्किटांचा एक पुडा जास्तीचा घातला, मऊ, दुधाची. त्याच्या आदल्या गुरुवारी रंगीत खडूंची डबी. कंडक्टरांनी ती पाहिली. म्हणाले, "ताई, कासव चित्रकार झालं का?" मी म्हटलं, "चुकून पडली." ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग डबी त्यांनीच पुन्हा पिशवीत ठेवली.

या आठवड्यात मात्र माल कमी आला. मोठा ट्रक आलाच नाही. दुधाच्या भुकटीचा एकच डबा उरला. ज्यांच्या घरी तान्हं आहे ते पिशवीच्या दांडीला लाल दोरा बांधून पाठवतात, म्हणजे आम्हाला कळतं. किल्लीच्या पिशवीला दोरा होता. कासवाच्या नव्हता.

मी डबा कासवात घातला.

शिंपीण म्हणाली, "ताई, दोरा किल्लीला आहे."

"कासव मागत नाही," मी म्हटलं.

"मग नको असेल."

"काही माणसं हवं असलं तरी मागत नाहीत."

"तुम्हाला काय ठाऊक कोण आहे ते? तुमची आत्या आहे?"

तिने डबा काढला, किल्लीत घातला आणि पुन्हा तांदूळ मोजायला लागली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी घरून भुकटीचा पुडा नेला आणि पिशव्या निघायच्या आत कासवात ठेवला. तो पुडा माझ्या पिशवीतला होता. आमच्या सगळ्यांच्याच घरी पिशवी जाते, काम करणाऱ्यांच्याही. कंडक्टर म्हणतात, त्यामुळे दारातून पिशवी घेऊन निघणारा देणारा की घेणारा, हे रस्त्याला कळत नाही. ते एक कारण झालं. हे तुला सांगणार नव्हते. पण तू वाचत नाहीस, तर सांगायला काय.

११ जानेवारी

ठके,

दोन गुरुवार झाले, कासवाची पिशवी कुणी उचलली नाही. लाँड्रीवाल्याने आज दोन्ही पिशव्या परत पाठवल्या. पावाला बुरशी आली होती.

मला काही सुचेना. तांदूळ भरताना पोतं सांडलं. शिंपिणीने माझ्या हातातलं माप काढून घेतलं आणि स्टुलावर बसवलं. टोमणा मारला नाही, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं.

कंडक्टर टोपी घालून निघाले होते. उद्या जाऊन बघतो म्हणाले. मी म्हटलं, "मला न्या."

"ताई, घरी कुणी जायचं नाही, हा नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोडायचा हक्कही तुमचाच."

त्यांनी टोपी काढली. हळू आवाजात विचारलं, "कोण आहे असं वाटतंय तुम्हाला?"

"मुलगी," मी म्हटलं. तू बोलणं सोडल्यापासून हा शब्द मी कुणापुढे उच्चारला नव्हता. कुणी विचारलं तर "बाहेर असते" एवढंच सांगायचे.

ते टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "सकाळी तयार राहा."

१२ जानेवारी

ठके,

सकाळी लवकर उठून न्हाले. निळी साडी नेसले. तू म्हणायचीस, आई, यात तू चिडकी दिसत नाहीस. पिल्लूसाठी लोकरीचे मोजे घेतले, अंदाजाने. पाय केवढा झाला असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून एक लहान जोड आणि एक मोठा. घरून निघताना आरशासमोर म्हणून पाहिलं, "काही बोलायला आले नाही, फक्त बघायला आले." तीन वेळा म्हटलं. तिन्ही वेळा आवाज फाटला.

बसमध्ये कंडक्टर माझ्या शेजारी बसले. पूल आला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, फार मनात धरून येऊ नका." मला वाटलं, तू दार लावून घेशील याची ते कल्पना देतायत. म्हटलं, "लावू दे दार. आत आहे एवढं कळलं तरी पुरे."

त्यावर त्यांनी रुमाल काढून घाम पुसला. थंडी होती.

पिवळी इमारत, तिसरा मजला. जिना अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असा. ते पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं आणि मी थांबले. तेही थांबले, पण वळून बघितलं नाही. मग वर गेलो. त्यांनी कडी वाजवली. आतून पाय फरपटल्याचा आवाज आला, खूप वेळ. दार उघडलं.

म्हातारा होता. बोळका. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. एक खाट, एक खुर्ची, दोरीवर एक सदरा. तरी मी विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे कोण?" तो म्हणाला. "मी एकटाच असतो, बाई."

पुस्तकात असतं तर दार तू उघडलं असतंस. मी आयुष्यभर तसलीच पुस्तकं वाचत आले, त्याचा हा परिणाम.

पाय घसरून मुरगळला होता त्याचा. जिना उतरता येत नव्हता, म्हणून पिशवी पडून. शेजारीण पाणी आणि थोडं काही देत होती. कंडक्टर डॉक्टरला आणायला गेले. मी मऊ भात टाकला, कारण उभं राहून करणार काय. खरं सांगते, त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला होता की पातेलं आपटलं. तो तू नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

शेंगदाणे का परत येतात ते त्याचं तोंड बघूनच कळलं. चहाने झोप उडते म्हणाला. घडीचं विचारलं, तर म्हणाला, "कारखान्यात घडी खात्यात होतो, दुसऱ्या पाळीला. तिथे सगळ्यांच्या हाताला तेच वळण." बाबांचं नाव सांगितलं. त्याने डोळे मिटून आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हो हो, फार चांगला माणूस." त्याला मुळीच आठवत नव्हतं. माझं मन राखलं त्याने.

मग म्हणाला, "बाई, तुमच्याकडे कुणीतरी देवमाणूस आहे. मऊ बिस्किटं पाठवतो. पाण्यात बुडवली की विरघळतात. भुकटीचं दूधही आलं होतं. आणि रंगीत खडू. माझा हात कापतो ना, डॉक्टरनेच कळवलं असेल, व्यायाम म्हणून." त्याने कॅलेंडरची मागची बाजू दाखवली. हिरव्या-निळ्या रेघाच रेघा होत्या, थरथरत्या, पण ओळीत.

"छान आल्यात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१३ जानेवारी

ठके,

हे पत्र आणि आधीची सगळी, एका पाकिटात घालून तुझ्या मैत्रिणीच्या हातात देतेय. तिला मधे घालतेय. तिला म्हटलं, "मी पाया पडते." ती म्हणाली, "मावशी, काहीतरीच काय," आणि संध्याकाळी पाकीट न्यायला यायचं कबूल केलं.

मला कालपासून एकच गोष्ट सोडत नाही. तो जिना. कंडक्टर माझ्या पुढे चढत होते. वर कोण आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी साडी नेसून, मोजे घेऊन मागे चढतेय, हेही दिसत होतं. ते बोलले नाहीत, कारण त्यांनी म्हाताऱ्याला शब्द दिला होता. परत येताना मी त्यांना म्हटलं, "मुलगी नाही, एवढं तरी सांगायचं." ते म्हणाले, "कोण नाही हे एकदा सांगायला लागलो की कोण आहे ते सांगायला कितीसा वेळ लागतो, ताई?" बरोबर बोलले. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. मी त्यांच्या जागी होतेच.

आणि तरीही ठके, मी त्यांच्यावर रागावले आहे. ते बरोबर वागले हे कळतंय आणि रागावले आहे. आज त्यांनी "पुढे सरका" म्हटलं तेव्हा मी हसले नाही. जिन्यात एक माणूस सगळं जाणून पुढे चालतो आणि दुसरा काही न कळता मागे, ते कसं असतं हे मला आता ठाऊक आहे. तुला ते बाबा गेले तेव्हापासून ठाऊक आहे. राग सोड म्हणून मी तुला आता कधीच सांगणार नाही. तो राहू दे. त्याला घेऊनच ये. चहा नको तर पाणी घे, नीट बोलली नाहीस तरी बस.

आणखी एक. इतके आठवडे मला वाटत होतं, तू काय खातेस हे मला ठाऊक आहे. दर गुरुवारी रात्री जेवताना मनात म्हणायचे, आज तिकडेही मसूर असेल. आता मला काहीच ठाऊक नाही. तुझ्या घरात काय शिजतं, शिजतं की नाही, पिल्लू शाळेत डबा नेते का.

म्हणून कंडक्टरांना आज एवढंच सांगितलं की यापुढे बुधवारी मी येणार नाही. नवीन लोक बुधवारी येतात, चित्र निवडायला. का, ते त्यांनी विचारलं नाही. तुला लागलं तर बुधवारी जा. काचेवर खाकी कागद आहे तेच दार. पुलापलीकडच्या पिशव्या आता शिंपीण भरते, मी मागून घेतलं तसं. ती तोंडाळ आहे पण मापात चुकत नाही, आणि तिला तू कोण ते ठाऊक नाही. कुणाला कळणार नाही. मलाही नाही. शेंगदाणे परत पाठव.

म्हाताऱ्याकडे मी दिवसाआड जाणार आहे, पाय बरा होईपर्यंत. काल निघताना त्याने मोजे पाहिले आणि विचारलं, "नातीचे का?" मी हो म्हटलं. केवढी आहे, त्याने विचारलं. मी हाताने उंची दाखवायला गेले आणि हात कुठे धरायचा ते कळेना. कमरेपाशी धरला, मग जरा वर घेतला. तो म्हणाला, "पोरं भराभर वाढतात." मी हात आणखी वर घेतला.

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं अशा पत्राच्या शेवटी लिहायची रीत आहे. मला चालणार नाही.

आई